भरल्या ताटावरून उठताना

मराठीत ‘भरल्या ताटावरून उठणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. वाढलेले ताट सोडून जो उठतो तो रागावलेला असतो, दुखावलेला असतो किंवा वाढणाऱ्याला दुखवू पाहत असतो, असे हा शब्दप्रयोग गृहीत धरतो. एखाद्याचे पोट चार घासांतच खरोखर भरले असेल, ही शक्यता भाषेने विचारात घेतलेली नाही. गेल्या वर्षी मीही ती विचारात घेतली नाही आणि माझ्याकडून एका माणसावर अन्याय झाला. त्या गृहस्थांच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून, तो प्रसंग आणि त्यातून निघालेले प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या मोहल्ल्यातील एका निकाहनंतर वरपक्षाने जवळच्या पंचवीसेक मंडळींना महामार्गावरील एका हॉटेलात रात्रीच्या जेवणासाठी नेले. मीही त्यांत होतो. समोरच्या टेबलावर आमच्या मशिदीतील एक नियमित नमाजी बसले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने भारी, धंद्यात बरकत असलेले. त्यांच्यापुढे बिर्याणीची भरलेली प्लेट आली. त्यांनी भात बाजूला सारून मटणाचे दोन तुकडे वेचले, ते बराच वेळ चावत राहिले आणि मग चमच्याने भात इकडचा तिकडे करीत बसले. वेटरने विचारले, “साहेब, चव आवडली नाही का?” ते नुसते हसले. प्लेट जवळजवळ आली तशी परत गेली.

त्याच आठवड्यात मी जुम्याच्या बयानासाठी ‘इसराफ’ हा विषय घेतला होता. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक देऊन लगेच मर्यादा ओलांडण्यास मनाई केलेली आहे. सूरह बनी इसराईलच्या २७व्या आयतीत तर उधळ्या लोकांना शैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. दोन्ही आयती समजावून झाल्यावर मी उदाहरण दिले. नाव घेतले नाही. मात्र ‘परवाच्या जेवणात’, ‘सुखवस्तू माणूस’, ‘मटण वेचून भात टाकणारा’ एवढे बोललो. त्या पंचवीसांपैकी निम्मे समोरच्या सफांमध्ये बसले होते. काही माना वळल्या. त्या वळलेल्या मला दिसल्या, आणि खरे सांगायचे तर आपले बोलणे पोहोचले या विचाराने मला समाधानच वाटले.

चार दिवसांनी इशाच्या नमाजनंतर ते गृहस्थ थांबले. मशीद रिकामी झाल्यावर त्यांनी पिशवीतून रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात त्यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हा वजन १३१ किलो होते, जोडीला मधुमेह. गुडघ्यांमुळे दोन वर्षे ते खुर्चीवर बसून नमाज अदा करीत होते. “मौलाना, मला पुन्हा एकदा कपाळ जमिनीला टेकवायचे होते,” ते म्हणाले. शस्त्रक्रियेची गोष्ट पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. लोक हसतील, खाणे आवरता आले नाही म्हणून पोट कापून घेतले असे म्हणतील, ही भीती होती. त्यांच्या मनात साचलेले प्रश्न त्यांनी एकेक करून विचारले.

त्यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेला ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ म्हणतात. तिच्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी एक अरुंद नळी. सुरुवातीच्या काळात तिच्यात एका वेळी शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे जेमतेम मावते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढून टाकलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. घास बारीक चावावा लागतो. जेवताना पाणी पिता येत नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबावे लागते. थोडक्या जागेत शरीराला प्रथिने मिळावीत म्हणून आधी मांस, अंडे किंवा डाळ खावी आणि जागा उरलीच तर भात-भाकरीकडे वळावे, असे डॉक्टर सांगतात. एक घास जास्त झाला की छातीत दाटून येते, तोंडाला पाणी सुटते आणि उठून मोरी गाठावी लागते. मला ज्यात चोखंदळपणा दिसला होता, ते डॉक्टरांचे पथ्य होते.

त्यांचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेविषयीच होता. ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ तर नव्हे? याचे उत्तर फारसे अवघड नाही. हजरत अर्फजा (रजि.) यांचे नाक एका लढाईत तुटले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही ही मुभा मिळाली, कारण गरज खरी होती. केवळ रूपासाठी शरीर कापून घेणे वेगळे आणि जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आजारावर उपचार घेणे वेगळे. मधुमेह आणि निकामी होत चाललेले गुडघे हा आजारच आहे.

दुसरा प्रश्न मी स्वतःच त्यांच्यावर लादला होता. “मी शैतानाचा भाऊ ठरतो का?” हे विचारताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री घरी आल्यावर मी तो हॉटेलातला प्रसंग पुन्हा आठवून पाहिला. त्यांच्यापुढची प्लेट त्यांनी मागवली नव्हती. यजमानांनी सर्वांसाठी एकच हुकूम दिला होता. घरात वाढणारा हात ओळखीचा असतो, कोणाला किती लागते हे तो जाणतो. हॉटेलाची प्लेट मात्र सर्वांसाठी एकाच मापाची असते, त्यामुळे ती नेमकी कोणाच्याच मापाची नसते. आपल्या मापाची नसलेली प्लेट पुढे आली आणि ती संपवणे शरीराला अशक्य असेल, तर उरलेल्या अन्नाचा दोष त्या माणसाच्या खाती कसा लिहायचा? अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही, हे आपण सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत वाचतो. जठराची कुवत यातून वगळलेली नाही.

आणखीही काही आठवले. माझ्या टेबलावरच्या सगळ्या प्लेटा चाटूनपुसून स्वच्छ झाल्या होत्या. आम्ही दोनदा-तीनदा वाढून घेतले होते आणि नंतर सोड्याच्या बाटल्या मागवल्या होत्या. हनफी फिकहच्या ग्रंथांत पोट भरल्यानंतरही खात राहण्यास मनाई आहे. उद्याच्या रोजासाठी बळ मिळावे किंवा आपण हात थांबवल्याने पाहुण्याला संकोच वाटू नये, अशा कारणांपुरताच अपवाद केलेला आहे. आम्हाला यांपैकी कोणतेच कारण नव्हते. म्हणजे इसराफ त्या खोलीत होता, फक्त मी तो चुकीच्या प्लेटमध्ये शोधला. पोटात गेलेले वाया गेले नाही, असा आपला पक्का समज असतो. ‘पैसे वसूल’ करण्यासाठी बुफेत दोन माणसांचे खाऊन उठणारा रिकामी प्लेट अभिमानाने दाखवतो आणि त्याच्यावर कोणी बयान करीत नाही. हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी पोट हे माणसाने भरलेले सर्वांत वाईट भांडे असल्याचे सांगितले, पाठ ताठ राहील एवढे चार घास पुरेसे मानले आणि अधिक हवेच असेल तर एकतृतीयांश अन्नाला, एकतृतीयांश पाण्याला व एकतृतीयांश श्वासाला अशी वाटणी करून दिली. पुढे एकदा मी हे सांगितले तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “मौलाना, माझे तर मुळात एकचतुर्थांशच उरले आहे. त्याचे तीन भाग कसे करू?” आम्ही दोघेही हसलो.

तथापि, कुवत नाही म्हणून सगळीच जबाबदारी संपते असेही नाही. जे आधी ठरवता येते ते आधी ठरवलेच पाहिजे. हॉटेलात अर्धी प्लेट मिळते का हे विचारण्यात कमीपणा नाही. चौघांत तीन प्लेटा मागवाव्यात. दोघांचे अन्न तिघांना आणि तिघांचे चौघांना पुरते, ही प्रेषितांची शिकवण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केली आहे. तिचा अर्थ मला एवढ्या नेमकेपणाने पूर्वी कधी कळला नव्हता. स्वतःच्या ताटातले काढून द्यायचे ते हात लावण्याआधी द्यावे आणि उरले तर बांधून घरी न्यावे. येथे थोडे विषयांतर करतो. मराठीत बी.ए. करताना ‘उष्टे’ या शब्दाभोवती केवढी मोठी समाजरचना उभी आहे हे माझ्या लक्षात आले. शरीअतच्या दृष्टीने मात्र माणसाचे उष्टे पाक आहे. तरीही आपली मुले आजकाल वडिलांच्या ताटातला घास घ्यायला कचरतात. हे आपण कोठून शिकलो, याचा विचार व्हावा.

प्रश्न अडतो तो थाळीपाशी. आमच्याकडच्या मटण थाळीत तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा मिळतो आणि दर माणशी असतो. एका थाळीत दोघांनी जेवू नये, पार्सल मिळणार नाही, अशी पाटी भिंतीवर असते. बुफेलाही हाच नियम. “मी वाटीभर रस्सा आणि दोन तुकडेच खातो. मुलाच्या थाळीतून घेतले तर मालकाचे काय जाते?” असे त्यांनी विचारले. मालकाचे काही जात नाही हे मान्य. पण मुस्लिम आपल्या मान्य केलेल्या अटींनी बांधलेला असतो. पाटी वाचून आत बसलो म्हणजे अट मान्य केली. नजर चुकवून घेतलेले दोन तुकडे हे दोनच असले तरी अटीच्या बाहेरचे आहेत, आणि बुफेतले पिशवीत भरणे तर उघडच चूक आहे. याउलट, मालकाला समोर जाऊन ‘माझी अशी अडचण आहे’ असे सांगण्यास काय हरकत आहे? तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर जिथे एकेक पदार्थ सुटा मिळतो अशा हॉटेलात जावे. त्यांनी एकदा असे विचारून पाहिले तेव्हा मालकाने त्यांच्याकडून रश्श्याचे पैसे घेतलेच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

परंतु त्यांना सर्वांत अधिक बोचत होता तो तिसरा प्रश्न. तीन महिन्यांत त्यांनी टेबलाटेबलांवर निरनिराळी कारणे दिली होती. पोट बिघडले आहे, आत्ताच खाऊन आलो, दाढ दुखते. एका गुरुवारी तर व्यापाऱ्यांच्या जेवणात ते ‘रोजा आहे’ असे म्हणून मोकळे झाले आणि नंतर रात्रभर झोपले नाहीत. अखेर त्यांनी बाहेर जाणेच सोडले. दर रविवारी मुलांना बाहेर जेवायला नेण्याची त्यांच्या घरची रीत होती. आता पत्नी मुलांना घेऊन जाई आणि ते दुकानात बसून राहत. माझ्या बयानानंतर तर परत जाण्याचा विचारही मनातून गेला, असे त्यांनी सांगितले.

‘रोजा आहे’ हे असत्य होते आणि इबादतीच्या नावाने सांगितलेले असत्य अधिक जड असते. याबद्दल तौबा करावी, हे मला सांगावेच लागले. मात्र आपल्या शरीराचा इतिहास प्रत्येक टेबलावर उघडा करण्याचे बंधन कोणावरही नाही. असत्य आणि उघडीक यांच्या मधे मोठी जागा आहे. ‘डॉक्टरांनी थोडेच खायला सांगितले आहे’ हे वाक्य पूर्ण सत्य आहे आणि पुरेसे आहे. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या उपस्थितीत प्रेषितांपुढे घोरपडीसारख्या वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस आले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे विचारल्यावर नाही असे सांगून, आपल्या लोकांच्या प्रदेशात ते आढळत नाही म्हणून आपल्याला रुचत नाही, एवढेच म्हणाले. खालिद (रजि.) यांनी ते त्यांच्यादेखत खाल्ले. अन्नाला नाव ठेवले नाही, खाणाऱ्याला ओशाळवले नाही, कारण मात्र खरे दिले.

मग विचारणाऱ्याचे कर्तव्य काय? आपल्याकडे आग्रह हे पाहुणचाराचे भूषण मानतात आणि ते काही आजचे नाही. हजरत इब्राहीम (अ.) यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेले वासरू ठेवले. त्यांचे हात अन्नाकडे जात नाहीत असे पाहून त्यांच्या मनात भीती दाटली. म्हणजे पाहुणा खात नाही ही अस्वस्थता एका प्रेषितालाही चुकली नाही. पण सूरह अज़-ज़ारियातमध्ये त्यांचा प्रश्न एकदाच येतो. दुसरा प्रसंग हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचा. भुकेने व्याकूळ झालेल्या त्यांना प्रेषितांनी दुधाचा पेला दिला आणि ‘पी’ म्हणून पुनःपुन्हा सांगत राहिले. शेवटी, आता जागा उरली नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. त्या शब्दावर प्रेषितांनी पेला परत घेतला आणि अल्लाहची स्तुती करून उरलेले दूध स्वतः प्यायले. आग्रह केला तो भुकेल्याला, आणि ‘जागा नाही’ या शब्दावर तो थांबला. पेल्यात उरलेल्या दुधाबद्दल कोणी कोणाला विचारले नाही. मी अनेक वर्षे हा प्रसंग बरकतीचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहे. त्यातले हे थांबणे माझ्या नजरेतून सुटले होते.

शेवटचा प्रश्न त्यांनी उठता उठता विचारला आणि तो अजूनही माझ्या मनात आहे. “आता मी थोडे खातो. पण माझ्याने जास्त खाववतच नाही. मग या कमी खाण्याचे मला काही पुण्य आहे, की डॉक्टरांनी माझा नफ्स कापून टाकला आणि माझे काही उरलेच नाही?”

सहीह मुस्लिममध्ये एका पाहुण्याची हकीकत आहे. तो रात्री सात शेळ्यांचे दूध प्यायला. सकाळी त्याने इस्लाम स्वीकारला, तेव्हा एका शेळीचे दूध प्यायला आणि दुसरीचे त्याला संपवता आले नाही. एका रात्रीत त्याचे जठर काही लहान झाले नव्हते. जठर तेच राहिले आणि माणूस बदलला. या गृहस्थांच्या बाबतीत जठर बदलले आणि माणूस तोच राहिला. दोघांच्या ताटात उरलेले सारखे दिसेल, पण ही एकच गोष्ट आहे असे मला म्हणता येत नाही. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत ज्याला अन्न मिळाले नाही तो नियतीवाचून रोजेदार ठरत नाही, आणि रोजेदाराने विसरून पोटभर खाल्ले तरी त्याचा रोजा राहतो. रिकामे पोट हा रोजाचा पुरावा नाही, तसे लहान पोट हा संयमाचा पुरावा नाही.

परंतु त्यांनीच पुढे जे सांगितले त्यामुळे माझे उत्तर अपुरे ठरले. पोट लहान झाले तरी डोळे लहान होत नाहीत. मेनूकार्ड हाती आले की मन पूर्वीइतकेच मागवू पाहते. शिवाय त्या नळीला फसवता येते. आइस्क्रीम, सरबत, मिल्कशेक सहज उतरतात. दिवसभर थोडे थोडे चरत राहिले तर नळीही हळूहळू सैल होते आणि वजन परत येते. म्हणजे निवड संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी ती पाचव्या पोळीपाशी होती, आता ती वेटरला पहिला शब्द सांगण्यापाशी आहे. आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना हा माणूस मोकळाच होता. पुढची तीस-चाळीस वर्षे आपल्याला काय खाता येणार नाही हे जाणून, सज्द्यासाठी, त्याने स्वतःला बांधून घेतले. त्या सहीमागची नियत मोजण्याचे माप माझ्याकडे नाही.

माझ्या चुकीचे मात्र पूर्ण निवारण झालेले नाही. मिंबरवरून केलेला अन्याय मिंबरवरूनच दूर केला पाहिजे, या विचाराने मी पुढच्या जुम्याला खुलासा करण्याची तयारी दाखवली. त्यांनी हात जोडले. “खुलासा केलात तर शस्त्रक्रिया सांगावी लागेल. नाही सांगितली तर खुलासा कसला?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी त्यांची एकांतात माफी मागितली. ती त्यांनी दिली. पण ज्या माना त्या दिवशी वळल्या त्यांना आजही वाटते की मौलानांनी त्या माणसाला बरोबर सुनावले. तेव्हापासून बयानात डोळ्यांदेखत पाहिलेले उदाहरण मी देत नाही. एवढ्याने ते ऋण फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांना जेवायला नेले. हॉटेल तेच निवडले, आणि ते माझ्या सांगण्यावरून नव्हे, त्यांच्या. बसताच त्यांनी वेटरला सांगितले, “मला डॉक्टरांनी थोडेच खायला सांगितले आहे. कबाबाची एक प्लेट आणि एक रिकामी बशी आणा.” वेटरने काही विचारले नाही. दीड कबाब खाऊन त्यांनी हात थांबवला. माझे जेवण संपले होते, पोटही भरले होते. त्यांनी उरलेले अडीच कबाब माझ्या ताटात सरकवले आणि म्हणाले, “यजमान तुम्ही आहात, मौलाना. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून चालते ना?”

मी खाल्ले. सोडा मात्र मागवला नाही.